छोट्या टँकमध्ये छोटे मासे पाळायचे आहेत? दुकानात जाण्याआधी या गोष्टी समजून घ्या

शनिवारी संध्याकाळी पॉलिथिनच्या फुगीर पिशवीतून सहा मासे घरी येतात. सोबत काचेचा गोल बाऊल, रंगीत खडे, प्लास्टिकचं एक झाड आणि खाद्याची डबी. रविवारी अख्खं घर बाऊलभोवती जमतं. जो येईल तो चिमूटभर खाद्य टाकून जातो. मंगळवारी पाणी दुधाळ दिसायला लागतं. गुरुवारी सकाळी एक मासा पाण्यावर आडवा तरंगत असतो आणि पुढच्या दोन दिवसांत उरलेलेही जातात. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "आपल्याला मासे लाभत नाहीत." बाऊल माळ्यावर जातो.

आमच्या घरातला बाऊल अजूनही माळ्यावरच आहे. मासे लाभण्या-न लाभण्याचा नशिबाशी काही संबंध नाही, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. त्या आठवड्यात त्या पाण्यात नेमकं काय घडलं, हे अगदी ठरलेलं रसायनशास्त्र आहे. ते माहीत असेल तर टेबलावर मावणाऱ्या टँकमध्येही मासे दोन-तीन वर्षं मजेत राहू शकतात.

सध्या इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर छोट्या, हिरव्यागार टँकचे व्हिडिओ भरपूर दिसतात. आत खरी झाडं, एखादं वाळकं लाकूड आणि त्यातून फिरणारा नखाएवढ्या माशांचा थवा. याला 'नॅनो प्लांटेड टँक' म्हणतात. दिसायला सोपं वाटतं. पण टँक जितका लहान, तितकी चूक महाग पडते, आणि ती किंमत मासे मोजतात. म्हणून आधी मासे मरतात कशाने, तिथूनच सुरुवात करू.

मासे नेमके कशाने मरतात?

मासे ज्या पाण्यात राहतात, त्याच पाण्यात त्यांची घाण जाते. ते मुख्यतः कल्ल्यांमधून अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं खाद्य आणि कुजलेली पानं यांच्यापासूनही अमोनियाच तयार होतो. नदीत किंवा तळ्यात तो पसरून जातो. चार लिटरच्या बाऊलमध्ये जायला जागाच नसते. अमोनियामुळे माशांचे कल्ले भाजल्यासारखे होतात आणि त्यांना श्वास घेता येत नाही.

निसर्गात या अमोनियाची विल्हेवाट जिवाणू लावतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो. नायट्राइटही विषारीच असतं, कारण ते माशाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी करतं. दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. नायट्रेट बऱ्यापैकी सौम्य असतं. त्यातलं काही झाडं शोषून घेतात, बाकीचं आपण दर आठवड्याला थोडं पाणी बदलून बाहेर काढतो. या सगळ्या साखळीला नायट्रोजन चक्र म्हणतात. शाळेत आपण ते जमिनीच्या संदर्भात शिकलो होतो, इथे तेच काचेच्या पेटीत चालतं.

हे जिवाणू नव्या टँकमध्ये नसतात. ते फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर, काचेवर हळूहळू वसतात. त्यांची पुरेशी वस्ती व्हायला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र टँक आणि मासे एकाच दिवशी आणतो. म्हणजे गटारं बांधायच्या आधीच वसाहतीत लोक राहायला गेले, तशी ही गत.

उपाय सोपा आहे, फक्त धीर लागतो. टँक लावायचा, झाडं लावायची, फिल्टर सुरू करायचा आणि मासे न आणता रोज चिमूटभर खाद्य पाण्यात टाकायचं. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना खायला मिळतं. ॲक्वेरियमच्या दुकानात किंवा ऑनलाइन पाणी तपासायचं किट मिळतं. त्यात आधी अमोनिया वाढताना दिसेल, मग नायट्राइट. खाद्य टाकणं चालू असूनही दोन्ही शून्यावर आले आणि नायट्रेट दिसायला लागलं, की टँक तयार झाला असं समजायचं. ओळखीत कुणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. दह्याला विरजण लावतो तसंच हे विरजण, वेळ बराच वाचतो.

टँक किती मोठा हवा?

'छोटा टँक' म्हणजे बाऊल नव्हे. गोल बाऊलमध्ये पाणी कमी, हवेशी संपर्क कमी, फिल्टर बसवायला जागा नाही. इटलीतल्या रोम शहराने तर २००५ मध्ये गोल बाऊलमध्ये गोल्डफिश ठेवण्यावरच बंदी घातली होती.

आपल्याकडे दुकानदार इंचांत बोलतात. १८ बाय १२ बाय १२ इंचांचा टँक हा सुरुवातीला चांगला पर्याय आहे. त्यात काठोकाठ सुमारे ४२ लिटर पाणी मावतं. तळाची माती, दगड, लाकूड आणि वर सोडलेली थोडी जागा वजा केली की प्रत्यक्षात ३५ लिटरच्या आसपास उरतं. हिशेब स्वतः करायचा असेल तर लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा आणि १००० ने भागा. आलेला आकडा म्हणजे लिटर.

एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, त्यामुळे हा टँक काच आणि मातीसकट ५० किलोच्या घरात जातो. तकलादू टीपॉयवर किंवा भिंतीला ठोकलेल्या फळीवर तो ठेवू नका. खिडकीतलं थेट ऊन जिथे येतं तिथेही नको, कारण उन्हाने पाणी तापतं आणि शेवाळ माजतं.

यापेक्षा लहान टँक ठेवणारे लोक आहेत, पण ते अनुभवी असतात. पाणी जास्त असलं की चूक विरघळते. ३५ लिटरमध्ये जास्तीचं खाद्य पडलं तर दुपारपर्यंत काढता येतं. पाच लिटरमध्ये तेवढ्याच खाद्याने मासे जातात.

झाडं फक्त शोभेसाठी नसतात

प्लांटेड टँकमध्ये झाडं हा दुसरा फिल्टर असतो. वाढणाऱ्या पाणवनस्पती अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही शोषून घेतात, दिवसा ऑक्सिजन सोडतात आणि लहान माशांना लपायला जागा देतात. शेवटचा मुद्दा वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. दोन सेंटिमीटरचा मासा निसर्गात सगळ्यांचंच भक्ष्य असतो. मोकळ्या टँकमध्ये तो सतत घाबरलेला राहतो, रंग फिके पडतात, खाणं सुटतं. गर्द झाडी असली की उलटं होतं. लपायला जागा आहे हे कळलं की मासे बाहेर येतात.

या प्रकाराला जगभर लोकप्रिय केलं ते जपानच्या ताकाशी अमानो यांनी. निइगाता इथले हे छायाचित्रकार आधी व्यावसायिक सायकलपटू होते. १९८२ मध्ये त्यांनी 'ॲक्वा डिझाइन अमानो' ही कंपनी सुरू केली आणि टँकमध्ये डोंगर, कुरण, जंगल यांचा भास उभा करायची शैली रुजवली. त्यांच्या शैलीत तेज दिवे, कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर आणि नियमित छाटणी लागते. याच्या दुसऱ्या टोकाला अमेरिकेच्या डायना वॉलस्टॅड. त्यांचं पाणवनस्पतींच्या टँकवरचं पुस्तक १९९९ मध्ये आलं. त्यांची पद्धत साधी आहे: तळाला साधी माती, त्यावर बारीक खडीचा थर, भरपूर झाडं आणि कमी मासे. घरात पहिल्यांदा टँक लावणाऱ्यांना ही दुसरी वाट जास्त जवळची.

सुरुवातीला सोपी झाडं घ्या. जावा मॉस, जावा फर्न आणि अनुबियास ही लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधली तरी जगतात. यातल्या फर्न आणि अनुबियासचं जाड खोड मातीत पुरू नका, ते सडतं. क्रिप्टोकोरिन आणि व्हॅलिसनेरिया मातीत लावायची. क्रिप्टोकोरिनची पानं लावल्यावर पहिल्या काही दिवसांत गळून पडतात. घाबरून उपटू नका, मुळातून नवी पानं येतात. हायड्रिला तर आपल्या तळ्यांमध्ये सर्रास दिसते आणि भराभर वाढते. तिची छाटणी करत राहावं लागतं, पण नव्या टँकमधला अमोनिया शोषायला तिच्यासारखी झाडं उपयोगी पडतात.

दिवा रोज सहा ते आठ तास पुरतो. टायमर लावला तर उत्तम. रात्रभर दिवा चालू ठेवला तर झाडांपेक्षा शेवाळच जास्त वाढतं आणि माशांनाही अंधार लागतोच.

आधी पाणी ओळखा, मग मासा निवडा

बहुतेक लोक मासा आवडला म्हणून घेतात. खरं तर आपल्या नळाला जे पाणी येतं, त्याला चालेल तो मासा घ्यायला हवा.

शाळेत आपण सुफेन आणि दुष्फेन पाणी शिकलो होतो. साबणाचा फेस सहज होतो ते सुफेन, होत नाही ते दुष्फेन. दुष्फेन पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा अशा पावसाच्या पाण्यावर भरणाऱ्या तलावांतून पाणी येतं, ते तुलनेने मृदू असतं. बोअरचं पाणी मात्र सहसा जड असतं. बादलीवर पांढरा थर चढतो, गीझरची कॉइल लवकर खराब होते, तिथे पाणी जड आहे हे किटशिवायही कळतं. टँकरचं पाणी अनेकदा विहिरीचं किंवा बोअरचंच असतं, तेही याच गटात.

मृदू पाणी असेल तर रासबोरा आणि टेट्रा जमतात. पाणी जड असेल तर गप्पी आणि एंडलर खुशीत राहतात. आरओचं पाणी सरसकट भरू नका. त्यात क्षार जवळपास नसतातच, ते मासे आणि झाडं दोघांनाही चालत नाही. जड पाण्यात थोडं आरओ मिसळून ते सौम्य करता येतं.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो माशांच्या कल्ल्यांना आणि आपण कष्टाने वाढवलेल्या जिवाणूंना मारतो. साधा क्लोरीन असेल तर पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवल्यावर उडून जातो. पण काही ठिकाणी क्लोरामाइन वापरतात, ते असं उडत नाही. शिवाय पावसाळ्यात क्लोरीनचं प्रमाण अनेकदा वाढवलं जातं. म्हणून दुकानात 'अँटी-क्लोरीन' नावाने मिळणारं द्रावण बाटलीवर लिहिलेल्या मापाने वापरणं सुरक्षित.

आता तापमान. थंडीच्या काळजीने लोक हीटर घेतात, पण महाराष्ट्रातली मोठी अडचण उन्हाळ्याची आहे. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. त्याच वेळी माशाच्या शरीराची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते. म्हणूनच दुकानात सगळ्यात आधी नजरेत भरणारा निऑन टेट्रा विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात टिकवणं कठीण जातं. त्याला थोडं थंड पाणी मानवतं.

३५ लिटरच्या टँकसाठी कोणते मासे?

एक साधी गोष्ट लक्षात ठेवा. माशाची लांबी दुप्पट झाली की वजन दुप्पट नाही, साधारण आठपट होतं. पाचपट लांबी म्हणजे सव्वाशेपट वजन. त्यामुळे 'इतक्या लिटरला इतके इंच मासा' असले हिशेब फसवे असतात. दोन सेंटिमीटरचे दहा मासे आणि वीस सेंटिमीटरचा एक मासा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एम्बर टेट्रा: सुमारे दोन सेंटिमीटर लांब, निखाऱ्यासारखा नारिंगी. मूळचा ब्राझीलचा. शांत, उष्णता बऱ्यापैकी सोसणारा आणि चुरलेलं कोरडं खाद्य आवडीने खाणारा. पहिल्यांदाच टँक लावणाऱ्यांसाठी माझं मत याला. दहा-बारा घ्या.

चिली रासबोरा: हाही दोन सेंटिमीटरच्या आतबाहेर. लाल अंगावर काळा पट्टा. बोर्निओच्या दलदलींमधला, तिथलं पाणी पालापाचोळ्यामुळे चहासारखं तपकिरी आणि अतिशय मृदू असतं. तोंड इवलंसं, त्यामुळे खाद्य पिठासारखं बारीक लागतं. टँक लावून दोन-तीन महिने झाल्यावरच आणा. बोअरच्या पाण्यात मात्र नको.

एंडलर: गप्पीचा जवळचा नातेवाईक, मूळ व्हेनेझुएलाचा. जड पाणी, ऊन, नवशिक्याच्या चुका, बरंच काही सोसतो. फक्त नर घ्या. मादी साधारण दर महिन्याला पिल्लं देते आणि एकदा नराशी संबंध आला की ती पुढचे अनेक महिने नराशिवायही पिल्लं देत राहू शकते. 'एक जोडी' घेतली तर चार महिन्यांनी पिल्लं कुणाला द्यायची हा प्रश्न पडतो.

हनी गुरामी: चार-पाच सेंटिमीटरचा, मधाच्या रंगाचा आणि आपल्याच देशातला. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत सापडतो. पाण्याबाहेरची हवा घेण्यासाठी त्याला खास अवयव असतो, म्हणून ऑक्सिजन कमी झाला तरी तग धरतो. एक जोडी पुरे.

फायटर: याचं मूळ नाव बेट्टा. थायलंडने २०१९ मध्ये याला राष्ट्रीय जलचराचा दर्जा दिला. दुकानात तो प्लास्टिकच्या पेल्यात ठेवलेला दिसतो, म्हणून त्याला तेवढंच पाणी लागतं असा गैरसमज आहे. पेल्यात तो जगतो, राहत नाही. याला किमान १५-२० लिटरचा टँक द्या आणि त्यात एकच नर ठेवा. ३५ लिटरमध्ये एकटा फायटर आणि भरपूर झाडं हाही पूर्ण टँक आहे.

सोबतीला चेरी श्रिंप म्हणजे लाल रंगाची छोटी कोळंबी ठेवता येते. ती शेवाळ आणि उरलंसुरलं खाद्य खाते. फायटर असेल तर ती त्याच्याच पोटात जाण्याची शक्यता जास्त. तळाला फिरणारा मासा हवा असेल तर अडीच सेंटिमीटरचा पिग्मी कोरिडोरस आहे, तोही सहा-आठच्या गटातच.

गटाचा मुद्दा महत्त्वाचा. टेट्रा, रासबोरा हे थव्याने जगणारे मासे आहेत. 'प्रत्येक जातीचे दोन-दोन द्या' ही दुकानातली नेहमीची मागणी माशांच्या दृष्टीने सगळ्यात वाईट. पाच जातींचे दोन-दोन मासे म्हणजे पाच एकटी जोडपी. एका जातीचे दहा घेतले तर टँकही छान दिसतो आणि मासेही निवांत राहतात.

कोणते मासे लहान दिसतात, पण घेऊ नयेत?

गोल्डफिश: दुकानात चार सेंटिमीटरचा असतो, वाढल्यावर वीस सेंटिमीटरच्या वर जाऊ शकतो आणि दहा वर्षांहून जास्त जगतो. वर तो झाडंही खातो.

सकर: 'काच साफ करणारा मासा' म्हणून गळ्यात मारला जातो. पूर्ण वाढला की फूटभर किंवा त्याहून मोठा होतो. १८ इंचांच्या टँकमध्ये तो वळणार कसा?

झेब्रा डॅनिओ: चार सेंटिमीटरचाच असतो, काटक आहे, भारतीय आहे. जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये जनुकांचा अभ्यास ज्याच्यावर चालतो तो हाच मासा. पण तो दिवसभर सुसाट पळत असतो. त्याला दोन फुटांपेक्षा कमी लांबी देऊ नये. लहान मासा म्हणजे लहान टँक, असं नेहमीच नसतं.

पी पफर: वाटाण्याएवढा, गोल डोळ्यांचा, पश्चिम घाटातला. व्हिडिओत लाघवी दिसतो, पण इतर माशांचे पर कुरतडतो आणि त्याला गोगलगायी किंवा जिवंत खाद्य लागतं. निसर्गातही तो संकटात आहे.

हा मासा आला कुठून, हे विचारा

छोट्या माशांच्या बाबतीत हा प्रश्न जास्त टोकाचा आहे, कारण यातल्या अनेक जाती एखाद्या लहानशा भागातच सापडतात. सेलेस्टियल पर्ल डॅनिओचं उदाहरण घ्या. निळसर अंगावर मोत्यांसारखे ठिपके असलेला हा दोन सेंटिमीटरचा मासा २००६ मध्ये म्यानमारच्या शान प्रांतात सापडला. फोटो इंटरनेटवर आले आणि जगभरातून मागणी सुरू झाली. त्याचं शास्त्रीय वर्णन २००७ मध्ये प्रसिद्ध झालं, पण तोवर मूळ ठिकाणी त्याची बेसुमार पकड होऊन गेली होती. पुढे तो आणखी काही ठिकाणी सापडला आणि टँकमध्ये त्याची पैदास सोपी आहे हेही लक्षात आलं, म्हणून तो बचावला. आज तो विकत घ्यायचा असेल तर पैदास केलेलाच घ्यावा.

हीच गोष्ट आपल्या घराशेजारचीही आहे. केरळ-कर्नाटकातल्या नद्यांमधला, लाल-काळ्या पट्ट्यांचा 'मिस केरळ' शोभेच्या माशांच्या व्यापारासाठी इतका पकडला गेला की आज तो जागतिक यादीत धोक्यात असलेल्या जातींमध्ये आहे. तो दहा सेंटिमीटरच्या वर वाढतो, त्यामुळे छोट्या टँकसाठी तसाही नाही.

आपल्याकडे शोभेच्या माशांची मोठी पैदास चेन्नईच्या कोळत्तूर परिसरात आणि पश्चिम बंगालमध्ये होते. दुकानदाराला विचारा, मासा पैदाशीचा आहे की नदीतून पकडलेला? कुठून आला, कधी आला? त्याला उत्तर माहीत नसेल तर सुरुवात एंडलरपासून करा. हे मासे टँकमध्येच सहज वाढतात, त्यांच्यासाठी कुणाला ओढ्यात जाळी टाकावी लागत नाही.

दुकानात आणि पहिल्या दिवशी

दुकानात मासे पाहताना घाई करू नका. ज्या टँकमध्ये एकही मेलेला किंवा कोपऱ्यात पर मिटून बसलेला मासा आहे, त्यातला मासा घेऊ नका. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असतील तर तो रोग आहे. आजच आलेला माल असेल तर आठवडाभराने परत जा. मासे खातात का, हे दुकानदाराला खाद्य टाकायला सांगून स्वतः पाहा.

घरी आल्यावर टँकचा दिवा बंद करा. पिशवी न उघडता १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळेल. मग पिशवी उघडून दर पाच मिनिटांनी वाटीभर टँकचं पाणी त्यात घाला. अर्ध्या तासाने मासे जाळीने उचलून टँकमध्ये सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका, दुकानातले आजार त्याच वाटेने येतात. पहिल्या रात्री खाद्य नको.

सगळे मासे एकदम आणू नका. आधी पाच-सहा आणा, दोन आठवड्यांनी उरलेले. जिवाणूंची संख्या खाणाऱ्या तोंडांच्या हिशेबाने वाढायला वेळ लागतो.

रोज, दर आठवड्याला आणि उन्हाळ्यात

रोजचं काम पाच मिनिटांचं आहे. दोन मिनिटांत संपेल इतकंच खाद्य, तेही बोटांनी चुरून. लहान मासे असतील तर एका वेळी भरपूर देण्यापेक्षा दोन वेळा थोडं-थोडं द्या. आठवड्यातून एक दिवस उपास घडला तरी काही बिघडत नाही. घरात लहान मुलं आणि आजी-आजोबा असतील तर खाद्याची डबी एकाच माणसाच्या ताब्यात ठेवा. 'बघ, भूक लागलीय त्यांना' म्हणून प्रेमाने मारलेले मासे उपासाने मेलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त असतील.

आठवड्यातून एकदा पाव भाग पाणी बदला. नवं पाणी क्लोरीनमुक्त आणि त्याच तापमानाचं हवं. सगळं पाणी काढून, खडे साबणाने धुऊन टँक 'स्वच्छ' करू नका. त्यात जिवाणूंची सगळी वस्ती जाते आणि तुम्ही पुन्हा पहिल्या दिवसावर येता. फिल्टरचा स्पंज घाण झाला तर नळाखाली न धुता टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा.

एप्रिल-मेमध्ये पाणी ३० अंशांच्या वर जायला लागलं की टँकचं झाकण काढून जाळी टाका आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावा. माठातलं पाणी गार होतं त्याच तत्त्वाने, बाष्पीभवनाने, पाणी दोन-तीन अंश खाली येतं. कोरड्या हवेत, म्हणजे नागपूर किंवा सोलापुरात, याचा चांगला उपयोग होतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत फरक कमी पडतो, तिथे दिव्याचे तास कमी करा आणि टँक घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा. पाण्यात बर्फ टाकू नका. तापमान झटक्यात बदललं तर ते उष्णतेपेक्षा घातक ठरतं.

वीज जाण्याचा त्रास असेल तर साधा स्पंज फिल्टर आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घ्या. तेवढा वेळ मासे उपाशी राहिले तरी चालेल, खाद्य टाकू नका. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर ते ऑक्सिजन कमी पडल्याचं लक्षण आहे. झाडंही रात्री ऑक्सिजनच वापरतात, म्हणून रात्री पंप चालू असलेला बरा.

नको झाले तर?

बदली होते, परीक्षा येतात, हौस फिटते. अशा वेळी अनेकजण मासे जवळच्या तलावात किंवा नदीत 'मोकळे' सोडतात. करायला पुण्याचं वाटतं, पण परिणाम उलटा होतो. घरातून आणि मत्स्यपालनातून निसटलेला सकर मासा आज देशातल्या अनेक नद्या-तलावांत पसरला आहे. उजनीसारख्या जलाशयात मासेमारांच्या जाळ्यांत तो सापडतो. त्याच्या काटेरी अंगामुळे जाळी फाटतात, आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. डास आवरण्यासाठी आपल्याकडे वर्षानुवर्षं सोडले गेलेले गप्पी मासेही स्थानिक माशांची अंडी-पिल्लं खातात. छाटलेली झाडंही नाल्यात टाकू नका. ती वाळवून कुंडीत घाला, खत होतं. मासे नको असतील तर दुकानदाराला परत द्या, किंवा टँक ठेवणाऱ्या कुणाला तरी द्या. बहुतेक ठिकाणी माणूस मिळतो.

थोडक्यात काय, तर दुकानातून पहिल्या दिवशी टँक, माती, झाडं आणि फिल्टर आणा. मासे आणू नका. महिनाभर घरातले सगळे विचारतील, "यात मासे कुठेत?" विचारू द्या. त्या महिन्यात झाडं मुळं धरतील, स्पंजवर जिवाणू वसतील, पाणी काचेसारखं होईल. मग एका शनिवारी दहा एम्बर टेट्रा आणा. पुढच्या गुरुवारीही ते दहाच असतील.